ओट्याच्या जागी पाच बाया

माय मधल्या जागेवर बसली होती. मांडीवर गाठोडं. गाठोड्याची गाठ सोडत होती.

तिच्या डाव्या हाताला ती स्वतःच बसलेली होती, म्हणजे तिचा पुतळा. उजव्या हाताला शेजारच्या शेवंतामावशीचा पुतळा. दोन्ही टोकांना मिळून आणखी तिघींचे. एका चौथऱ्यावर पाच बाया रांगेत, मांडीवर साडी, हातात कातर, आणि मध्ये एक जागा रिकामी सोडलेली. त्या जागेवर कोणी बसलं की खालच्या पेटीतून आवाज सुरू होतो. तसा तो सुरू झाला. मायचाच आवाज.

"आमी इथं रोज बसतो. हात चालते, तोंड चालते. दुपार कवा गेली समजत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र चालतंय म्हणून.

मुख्य पाहुणे अजून हार गळ्यात घेऊन उभेच होते. त्या जागेवर पहिल्यांदा त्यांनी बसायचं, असं कार्यक्रमात ठरलेलं होतं. हे मायला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी माइक घेऊन उभी होते, कारण कार्यक्रम गुजरातीत आणि ज्यांचे पुतळे त्या बाया मराठी. शिल्प करणाऱ्या मॅडम हसऱ्या चेहऱ्याने माझ्या कानाशी आल्या.

"पहले साहब बैठेंगे। आप बोलिए ना इनसे, आपकी भाषा में।"

माइक तोंडापासून दूर करायला हवा होता. केला नाही.

"आई, उठता का जरा? पाहुण्यांना बसायचंय."

घरी मी तिला माय म्हणते. अगं-तुगं करते. जन्मात कधी तिला तुम्ही म्हटलेलं नाही. त्या दिवशी शंभर माणसांसमोर, दोन कर्ण्यांतून, मी तिला अहो-जाहो केलं आणि उठवलं.

माय उठली. लगेच नाही. आधी तिने गाठोड्याची अर्धी सुटलेली गाठ परत बांधली. चारही टोकं जुळवून, नीट. तेवढा वेळ साहेब थांबले, कॅमेरे थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चौथऱ्यावरून उतरून ती मंडपाच्या कडेला जाऊन उभी राहिली. पेटीतला आवाज मात्र चालूच होता. आमी इथं रोज बसतो, असं तो सांगत होता.

साहेब बसले. आवाज पुन्हा पहिल्यापासून लागला. साहेबांनी मायच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून घेतला. मग ते श्रमाच्या सौंदर्यावर बोलले. मी त्याचं मराठी केलं. चांगलं केलं. कुठे एक शब्द अडला नाही. मला सगळ्यांत जास्त न कळलेली गोष्ट हीच आहे, की एकही शब्द अडला नाही.

त्या चौथऱ्याच्या जागी आमचा ओटा होता.

सुरतच्या डिंडोलीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ. गल्लीतल्या एकाने, जो बांधकामावर मजूर होता, साइटवरचं उरलंसुरलं सिमेंट आणलं. विटा कुठून आल्या ते कोणी विचारलं नाही. बायांनी पाणी मारलं. वर जुन्या बॅनरचं छत केलं, त्यावर कोण्या नेत्याचा अर्धा चेहरा होता. त्या चेहऱ्याने गल्लीसाठी काही केलं असेल तर एवढंच, की सावली दिली.

दुपारी तिथे बाया धागे कापायला बसायच्या. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत. ते कापावे लागतात, कापड न कापता. मार्केटमधून टेम्पो सकाळी गाठोडी टाकून जातो, चार वाजता परत नेतो. शहरभर बाया हे काम आपापल्या दारात बसून करतात. आमच्या गल्लीची रीत वेगळी. एक साडी, पाच मांड्या. पहिली बाई साडी उघडते, आपल्या मांडीवरचा भाग कापते आणि पुढे सरकवते. पदर मधल्या बाईच्या वाट्याला येतो, कारण पदरावर काम दाट असतं आणि चूक तिथेच होते. शेवटची बाई उलटसुलट बघते आणि घडी घालते. साडी जमिनीला लागू द्यायची नाही. लागली तर डाग, डाग लागला तर परत. मधली जागा मायची होती. ती कोणी दिली नव्हती. तिच्या हातून कधी साडीला भोक पडलं नाही, म्हणून ती तिथे होती.

मी शाळेतून यायचे आणि शेवटच्या टोकाला बसून घड्या घालायचे. गणिताचे पाढे मी तिथे पाठ केले. पुढे पुस्तकंही तिथेच वाचली. आता मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. सकाळपाळी. बाराला सुटते.

मायचं गाव अकोल्याकडचं. तिथे पाटलाच्या घराला ओटा होता. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्याच्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या. ओट्यावर बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. मायने मला हे एकदाच सांगितलं, कातर चालवता चालवता, मान वर न करता. तिला सुरत आवडली ती एवढ्याचसाठी, की इथे ओटा आपण बांधला आणि त्यावर आपण बसलो. बाप यंत्रमागाच्या आवाजात राबून बहिरा होत गेला, भाड्याच्या खोलीत उन्हाळ्यात भिंतींना हात लावता येत नव्हता, पण तो ओटा होता. तिच्या डोक्यावर त्याची सावली होती. तिला आणखी काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही.

मग कला आली.

शहराच्या वस्त्यांमध्ये शिल्पं उभारायची योजना होती. बागेतल्या पुतळ्यासारखी नुसती बघायची नाहीत, लोकांनी हात लावायचा, बसायचं, बोलायचं. आणि प्रत्येक शिल्प त्या त्या जागेतूनच उगवलेलं असणार होतं. पत्रिकेत लिहिलं होतं की ही कलाकृती जागेशी संवाद साधते. जागा काय म्हणाली ते लिहिलं नव्हतं.

शाळेच्या आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला बोलावलं. वरून पत्र आलं होतं, वस्तीत राहणारी आणि मराठी-गुजराती-हिंदी येणारी शिक्षिका हवी. मी गेले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. मी वाचणारी बाई आहे. आधुनिक कला म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्यांतली मी नाही. वीस वर्षं मुलांना बाराखडी गिरवायला लावल्यावर कोणीतरी माझ्याशी अवकाश, सहभाग, स्मृती असे शब्द वापरून बोलत होतं. मी त्या शब्दांना भुलले. अवकाश म्हणजे आमचा ओटा, हे मला उशिरा कळलं.

मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहून ठेवते. त्या ओट्यावर येऊन बसल्या, आमच्या कपात चहा प्यायल्या, कातर हातात घेऊन पाहिली, बोट कापून घेतलं. शेवंतामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली, मायची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. ती मला म्हणाली, "तुझ्या मॅडमला सांग, रक्त कापडावर नको सांडू, शेठ परत करते." मी त्याचं हिंदी केलं तेव्हा मॅडम खूप हसल्या आणि वहीत लिहून घेतलं.

रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. तुम्हाला इथे काय हवं ते सांगा. बायांनी सांगितलं, मी लिहिलं. सावली. पाण्याचा नळ. ओट्याला टेकायला पाठ. चिठ्ठ्या एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि पुठ्ठ्याचा फोटो काढला. पुठ्ठा पुढे कुठे गेला ठाऊक नाही.

मग साचे घेतले. बायांच्या हातापायांवर प्लास्टरच्या पट्ट्या. तासभर हलायचं नाही. माय म्हणाली, इतका वेळ नुसतं बसायची सवय नाही, हातात गाठोडं तरी द्या. शेवंतामावशी म्हणाली, माणूस मेल्यावर भिंतीवर फोटो लावतात, आपलं जितेपणीच उरकून राह्यले. सगळ्या हसल्या. पट्ट्या ओल्या होत्या, हसू नका म्हणून मॅडमनी मला सांगायला सांगितलं. मी सांगितलं.

आवाजही घेतले. माय बराच वेळ बोलली. गावच्या ओट्याचं बोलली. इथल्या ओट्याचं बोलली. आणि शेवटी म्हणाली, "बाकी काय करायचं ते करा बापा, वटा तोडू नका." सगळं बोलणं मी कागदावर उतरवून हिंदी करून दिलं. हे वाक्यही. पेटीत फक्त हात चालते, तोंड चालते एवढं आलं. मी उद्घाटनाच्या दोन दिवस आधी ते ऐकलं. बाकीचं कुठे आहे, असं विचारलं नाही. मला वाटलं, कलेत निवड असते. खरंच असं वाटलं.

ओटा एका सकाळी ब्रेकरने फोडला. बायांना सांगण्यात आलं की त्याच जागी नवा, चांगला ओटा येतो आहे. सांगणारी मी.

उद्घाटनाला बायांनी रोजच्या साड्यांत, रोजचं काम घेऊन यायचं, असा निरोप होता. तोही मीच दिला. निरोप पाठवणाऱ्यांच्या मनात गाठोडं फोटोपुरतं होतं. बायांच्या मनात त्या दिवशीच्या साड्या होत्या, चारला टेम्पो येणार होता. त्यांना वाटलं, कापड ओढून झालं, नारळ फुटला, की आपण बसायचं. महिनाभर आपापल्या दारात बसून काम केलं होतं. एकदाचा ओटा मिळाला.

कापड ओढलं. पुतळे फायबरचे, वर ब्राँझचा रंग. लांबून ब्राँझ, जवळून पाण्याची टाकी. शेवंतामावशीने पहिल्यांदा काय पाहिलं, तर पुतळ्यांच्या मांडीवरची साडी सुंदर लाटांसारखी वळत थेट जमिनीवर आली होती. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, साडी मातीत लोळून राह्यली, यांचं काम कोण परत घेईन.

तोवर माय पुढे गेली होती. तिने आपल्या पुतळ्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू मांडीपर्यंत फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माय मधल्या जागेवर बसली आणि गाठोडं सोडायला लागली. पुढचं मी सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. गुडघ्यावर हात ठेवलेली माय. खाली लिहिलं होतं की स्वतःची प्रतिमा पाहून श्रमिक महिला भावुक झाली. मी ते मायला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. आदल्या दिवसापासून माझ्याशी बोलली नव्हती, म्हणजे जेवायला घेतेस का एवढंच बोलली होती.

"मी खरबरीत हाये का ते पाहत होती," ती म्हणाली. "जॉर्जेट अडकलं असतं."

आणि तांदूळ निवडत राहिली.

मला तेव्हा रडायला यायला हवं होतं. आलं नाही. मी पेपरची घडी घातली, शाळेच्या पिशवीत ठेवली. फळ्यावर तारीख लिहिली. मुलांची हजेरी घेतली. अंगाला चिमटा काढला तरी कळणार नाही, असे ते दिवस गेले. ते दिवस म्हणजे दोन महिने.

त्या दोन महिन्यांत रांग मोडली. गल्लीतल्या दारांसमोर एका वेळी एक बाई बसते, दुसरी बसली तर मोटरसायकल जात नाही. एका मांडीवर पाच मांड्यांचं काम. साडी सांभाळताना कड जमिनीला लागते. मायच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एक साडी डाग पडून परत आली. रात्री तिने ती डाग पडलेली जागा अंगठ्याने कितीतरी वेळ चोळली. मग घडी घालून ठेवून दिली.

शिल्पापाशी एक रखवालदार नेमला होता. नंदुरबारकडचा, घरी अहिराणी बोलणारा, बिचारा. एकदा दुपारी शेवंतामावशी गाठोडं घेऊन गेली तर त्याने परत पाठवलं. इथे धंदा करायचा नाही, असा त्याला हुकूम होता. रविवारी शहरातून गाड्या येत. मुलीबाळी मधल्या जागेवर बसत, दोन्हीकडच्या पुतळ्यांच्या गळ्यात हात घालत, माय पेटीतून बोले, त्या खिदळत. फलक लावला गुजरातीत आणि इंग्रजीत. मराठी मजकूर माझ्याकडून लिहून घेतला होता, पण जागा पुरली नाही. फलकावर मॅडमचं नाव होतं, पाहुण्यांचं होतं, खालच्या ओळीत पाच स्थानिक महिला असं होतं.

पाच स्थानिक महिला. मी तो फलक रोज शाळेला जाताना वाचत होते आणि पुढे जात होते.

उन्हाळा लागला तेव्हा मॅडम पुन्हा शाळेत आल्या. आचार्यांच्या खोलीत चहा मागवला. प्रकल्पाचं नाव झालं होतं. बाहेरून परीक्षक मंडळ बघायला येणार होतं आणि पलीकडच्या एका नगरात, आमच्यासारख्याच वस्तीत, दुसरं शिल्प मंजूर व्हायचं होतं. तिथेही बायांचा असाच एक ओटा आहे, मी ओळखते. माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, पत्रावर सही. वस्तीने हे शिल्प आपलं मानलं आहे, असं पत्र. दोन, परीक्षक येतील त्या दिवशी पाची बायांना आणून आपापल्या पुतळ्याशेजारी बसवायचं.

मॅडमनी लॅपटॉपवर मला चित्र दाखवलं. गाठोडी त्या स्वतः देणार होत्या. एका रंगाची, स्वच्छ, आत फोम भरलेली.

"बस आधा घंटा। काम करने की एक्टिंग।"

मी विचारलं, खरं काम आणलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, खऱ्या साड्या कुठल्याही रंगाच्या असतात, सगळं विस्कटलेलं दिसतं. त्या शांतपणे समजावून सांगत होत्या. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असणार.

मी विचारलं, "और बाकी दिन?"

"बाकी दिन तो पब्लिक के लिए है।"

माझ्या आत काही पेटलं वगैरे नाही. पुस्तकांत अशा वेळी काहीतरी पेटतं. मला फक्त चहावरची साय दिसली, आचार्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं सुट्ट्यांचं वेळापत्रक दिसलं, आणि एक गोष्ट अगदी साधी, बेरजेसारखी समोर आली. ज्या बाईचा गुडघा त्यांनी साच्यात घेतला, जिचा आवाज पेटीत भरला, ती पब्लिक नव्हती. ती बसली तर अडथळा, बसल्याचा अभिनय केला तर कला. आणि या दोन्हींमध्ये उभी राहून, माइक हातात घेऊन, तिला उठ-बस सांगणारी बाई मी होते. अभिनय मायला कुठे करायचा होता? तो मी करतच होते. शाळेत वरून पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून.

मी नाही म्हणाले. मराठीत म्हणाले. तो शब्द सगळ्यांना कळतो.

आचार्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग गुजरातीत समजावलं, बेन, सही करून टाका, तुमचं काय जातंय. मी पत्र ओढून घेतलं. छापलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "इथे बायांचा ओटा होता, तो तोडला. त्यांना आता काम करायला बसू देत नाहीत. दुसऱ्या नगरातला ओटा तोडू नये." आणि त्याखाली सही केली. पूर्ण नावाने, आईच्या नावासकट. शाळेच्या शिक्क्याची गरज नव्हती, मी मागितलाही नाही.

मॅडम म्हणाल्या की मी भावनेच्या भरात आहे. तसं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले. माय दारात एकटी बसली होती. मांडीवर साडी, तिची खालची कड एका परातीत धरलेली, जमिनीला लागू नये म्हणून. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. झालेलं सांगितलं. तिने ऐकलं, कातर थांबवली नाही. माफी मी मागितली नाही. मागितली असती तर मला माफ करायचं आणखी एक काम तिच्या अंगावर पडलं असतं, आणि तिच्याकडे आधीच पाच जणींचं काम होतं.

मी विचारलं, उद्या दुपारी तिथे बसायचं का?

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू उठवशीन."

चिडून नाही बोलली. कापड बघून सांगावं हे आखडणार, तसं बोलली.

"नाही उठवणार."

"मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आम्ही गेलो. माय, शेवंतामावशी, उरलेल्या तिघी, आणि शाळेतून तशीच आलेली मी. पुतळ्यांच्या पायांशी चौथऱ्याची हातभर रुंद कड आहे, चौघी तिच्यावर बसल्या. माय मधल्या जागेवर. तिने आधी एक जुनी चादर काढून दोन्हीकडच्या पुतळ्यांच्या गुडघ्यांवर घट्ट गुंडाळली. मावशीने आपल्या पुतळ्याच्या मनगटाला दोरी बांधली, दुसरं टोक खांबाला, वर घरची जुनी साडी टाकली. सावली झाली. पहिली साडी उघडली आणि मांड्यांवरून सरकायला लागली.

रखवालदार धावत आला. "मावशी, मनी नोकरी जाई," तो म्हणाला. त्याची जाईल हे खरंच होतं, म्हणून कोणी त्याला वाकडं बोललं नाही. मावशीने त्याला सांगितलं, तू आमाले उठा म्हटलं, आमी नाही उठलो, असं साहेबाले सांग, तुझा काय दोष. त्याने फोन लावला. वरच्यांपैकी एक माणूस गाडीतून आला. त्याने पहिल्यांदा विनंती केली, मग नियम सांगितला, मग पोलिसांचं नाव काढलं. बाया कापत राहिल्या. त्यांना उत्तर द्यायचं होतं असंही नाही. पदर आला होता, तिथे लक्ष लागतं.

त्याने मला विचारलं, तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्ही तरी सांगा यांना. मी घडी घालत होते. मी घडी पूर्ण केली.

एक अडचण होती. माय जरा हलली की पेटी सुरू व्हायची. हात चालते, तोंड चालते. तिने चार-पाच वेळा ऐकून घेतलं. मग बोलणं अशक्य झालं. एक माय काहीतरी सांगत होती आणि दुसरी तिच्या मांडीखालून तेच ते एक वाक्य हसत हसत म्हणत होती.

"हिले गप कर," माय म्हणाली.

मी चौथऱ्यामागे गेले, झाकण उघडलं आणि वायर ओढून काढली. लपून नाही. गाडीतला माणूस फोटो काढत होता. त्याला नीट काढता यावा म्हणून मी वायर हातात धरून उभी राहिले. मग ती त्याच्या हातात दिली.

त्या दिवशी चारला टेम्पो आला तेव्हा काम पूर्ण झालेलं होतं. तेव्हापासून रोज बसतो. रोज कोणीतरी उठवायला येतं. कधी छत सोडून नेतात, आम्ही दुसऱ्या दिवशी दुसरी साडी बांधतो. एकदा चौथऱ्यावर पाणी ओतून ठेवलं होतं. पोती टाकून बसलो. परीक्षक आले तेव्हा आम्ही बसलेलो होतो, जांभळ्या, पोपटी, लाल साड्या मांडीवर, सगळं विस्कटलेलं. त्यांनी पाहिलं आणि गेले. त्यांना काय वाटलं ते कळलं नाही. पलीकडच्या नगरातला ओटा अजून उभा आहे. तो कशाने वाचला, की नुसता लांबला, हेही कळलेलं नाही. मी तिथे जाऊन त्या बायांना सगळं सांगून आले आहे, मी काय काय केलं त्यासकट. चिठ्ठी लिहून मागितली तर काय होतं, तेही.

जिंकलो असं कोणी म्हणत नाही. पाच खोट्या बायांच्या पायांशी पाच खऱ्या बाया बसतात. त्यांना टेकायला अजून पाठ नाही.

नोटीस माझ्या नावाने आली आहे. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, आणि नोकरीत असताना गैरवर्तन. आचार्यांनी सांगितलं की दोन ओळींचं माफीपत्र दिलं तर मिटेल, नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बदली. त्यांनी मजकूरही तयार ठेवला होता. मी वाचला. भाषा चांगली होती, माझ्यासारखीच.

माफीपत्र मी देणार नाही. बदली झाली तर जाईन, शिकवीन, आणि शाळा सुटली की दोन बस बदलून इथे येईन. रांगेत मायने मला शेवटच्या टोकाची जागा दिली आहे, नुसत्या घडीची, नवख्या बाईला देतात ती. माइकबद्दल ती एक शब्द बोललेली नाही आणि बोलणार नाही. मी तो विषय काढणार नाही. घडी जुळली नाही तर ती साडी उलगडून परत माझ्याकडे सरकवते आणि मी पुन्हा घालते.

टेम्पो येईपर्यंत मी तिथे बसते. मी उठत नाही. आणि पुन्हा कोणासाठीही, कोणत्याही भाषेत, रांगेतल्या बाईला ऊठ म्हणणार नाही.